वेरूळच्या एकाच कड्यात इतके धर्म कसे? लेण्यांचा खरा क्रम आणि बदलत गेलेली नावे

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: वेरूळच्या डोंगरात बौद्ध, हिंदू आणि जैन लेणी शेजारीशेजारी आहेत. एका धर्माने दुसऱ्याला हुसकावून जागा घेतली असे समजायचे, की तिन्ही धर्म तेथे गुण्यागोविंदाने नांदत होते असे मानायचे? गेली पंचवीसेक वर्षे मी विद्यार्थ्यांना आणि अभ्यासकांना ही लेणी दाखवत आलो आहे, आणि हा प्रश्न विचारला गेला नाही अशी फेरी मला आठवत नाही. विचारणाऱ्याला बहुधा दोन उत्तरांपैकी एक उत्तर हवे असते, आणि ते कोणते हे त्याच्या आवाजावरूनच कळते. दगडावर दिसणारा पुरावा मात्र दोन्ही उत्तरांत पुरता बसत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिला घोटाळा क्रमांकांचा आहे. लेण्यांना 1 ते 34 असे क्रमांक आहेत. त्यांपैकी 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू आणि 30 ते 34 जैन. हे वाचले की मनात आपोआप एक गोष्ट तयार होते: आधी बौद्ध आले, मग हिंदू, शेवटी जैन. पण हे क्रमांक काळाचे नसून वाटेचे आहेत. पश्चिमेकडे तोंड करून सुमारे दोन किलोमीटर पसरलेल्या या कड्याच्या दक्षिण टोकापासून उत्तरेकडे चालत गेले की लेणी ज्या ओळीने भेटतात, त्या ओळीने एकोणिसाव्या शतकातील सर्वेक्षकांनी ते घातले आणि पुरातत्त्वज्ञ जेम्स बर्जेस यांच्या लेखनामुळे ते कायम झाले. घरांचे क्रमांक पाहून कोणते घर आधी बांधले हे ठरवता येत नाही. तसेच हे आहे.

आज बहुतेक अभ्यासक ज्या क्रमापर्यंत आले आहेत त्यात सुरुवात शैव लेण्यांपासून होते. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात, कलचुरींच्या काळात, 29 क्रमांकाचे धुमार लेणे आणि 21 क्रमांकाचे रामेश्वर यांसारखी लेणी खोदली गेली. धुमार लेण्यात उभे राहिलेल्या आणि मुंबईजवळच्या घारापुरीचे लेणे पाहिलेल्या माणसाला नात्याची खूण पटते: तीच अधिकाच्या चिन्हासारखी मांडणी, मधोमध सुटे गर्भगृह, त्याच्या चारही दारांशी पुरुषभर उंचीहून मोठे द्वारपाल, आणि भिंतींवर शिवकथांचे भव्य शिल्पपट. रामेश्वर लेण्यासमोर कलचुरी राजा कृष्णराजाची नाणी सापडली, हा काळ ठरवण्याचा आणखी एक आधार. या लेण्यांची जागाही पाहण्यासारखी आहे. धुमार लेण्याच्या कडेलाच पावसाळ्यात वेळगंगेचा धबधबा कोसळतो आणि खालच्या डोहाला लोक सीतेची न्हाणी म्हणतात. पाणी, कडा आणि स्नानाची जागा हे तीर्थाचे साहित्य लेण्यांच्या आधीपासून तेथे होते. आठव्या शतकाच्या पूर्वार्धातला राष्ट्रकूट राजा दंतिदुर्ग आपल्या ताम्रपटात एलापुराच्या, म्हणजे वेरूळच्या, गुहेश्वर तीर्थात स्नान करून दान दिल्याचे नोंदवतो, म्हणजे राष्ट्रकूटांच्या हाती हा मुलूख आला तेव्हा हे ठिकाण नामांकित तीर्थ होऊन चुकले होते.

त्यानंतर, साधारण सातव्या शतकात आणि आठव्याच्या सुरुवातीच्या काही दशकांत, कड्याच्या दक्षिण भागात बौद्ध लेणी खोदली गेली. बाहेरून कोऱ्या तिमजली इमारतीसारखे दिसणारे 12 क्रमांकाचे तीन ताल लेणे त्यांच्या शेवटच्या टप्प्यातले आहे. वरच्या मजल्यावर ओळीने बसलेले सात बुद्ध, आठ बोधिसत्त्वांनी वेढलेल्या बुद्धाचे चौकोनी मंडल, तारादेवीच्या मूर्ती, हे सारे पाहिले की महायानाच्या पुढच्या, मंत्र-मंडलांच्या वळणाचा बौद्ध धर्म तेथे ऐन भरात होता हे कळते. याचा अर्थ असा की हिंदू खोदकाम बौद्ध लेण्यांच्या आधीही झाले आणि नंतरही. मधल्या काळात दोन्हीकडे छिन्नीचा आवाज चालू असण्याचीच शक्यता अधिक. खांबांवरचे पूर्णघट आणि त्यांतून बाहेर झुकणारी पाने दोन्ही गटांत इतकी सारखी आहेत की कारागिरांची घराणी वेगवेगळी होती असे म्हणवत नाही. पाथरवट देवाचे रूप देणाऱ्याच्या सांगण्यावरून घडवी. खांब मात्र तो आपल्या हाताच्या सवयीने घडवी.

मग ताबा घेणे झालेच नाही का? झाले, आणि त्याच्या खुणा लपलेल्या नाहीत. 15 क्रमांकाच्या दशावतार लेण्याची वरच्या मजल्याची मांडणी विहाराला, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या निवासाला, शोभणारी आहे. हे लेणे बौद्ध विहार म्हणून सुरू झाले आणि पुढे शैव-वैष्णव शिल्पांनी पुरे झाले, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. त्याच्या अंगणातल्या मंडपावर दंतिदुर्गाचा शिलालेख आहे. 11 क्रमांकाच्या दोन ताल लेण्यात तर वरच्या मजल्यावर महिषासुरमर्दिनी आणि गणपती कोरलेले दिसतात, तेही त्याच लेण्यात जेथे बुद्ध आपापल्या जागी शाबूत बसलेले आहेत. माझ्या मते महत्त्वाची गोष्ट ही दुसरी आहे. राजाश्रय सरकला, भिक्षूंची वस्ती विरळ झाली, रिकाम्या दालनात शेजारच्या उपासकांनी आपले देव आणले, पण आधीचे देव फोडून नव्हे. याला सलोखा म्हणणे जरा जास्तच होईल, कारण विहार चालवणाऱ्यांचा आधार तुटला होता ही गोष्ट खरी आहे. आणि याला उच्छेद म्हणावे तर मूर्ती आड येतात.

कैलासाबद्दल, म्हणजे 16 क्रमांकाच्या लेण्याबद्दल, लोक इतके लिहितात की येथे मी मोजकेच सांगतो. हे काम दंतिदुर्गानंतर गादीवर आलेल्या पहिल्या कृष्णाच्या, म्हणजे आठव्या शतकाच्या तिसऱ्या चरणातल्या राजाच्या, नावावर आहे. शके 734 मधल्या, म्हणजे इसवी सन 812-13 मधल्या, बडोद्याच्या ताम्रपटात राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेतल्या कर्क राजाने या मंदिराचे वर्णन केले आहे. विमानातून जाणारे देव ते पाहून चकित होतात आणि हे तर स्वयंभू शिवधाम, मानवी कलेत असे सौंदर्य कोठून, असे म्हणतात. खुद्द घडवणाऱ्या शिल्पीलाही हे माझ्या हातून कसे झाले याचे नवल वाटते, आणि दुसऱ्यांदा असे करू म्हटले तर आपले धैर्य खचेल असे त्याला वाटते. राजप्रशस्तीत कारागिराच्या मनात डोकावलेले फार क्वचित आढळते, म्हणून ही ओळ मला प्रिय आहे.

त्याच कैलासाला मराठी मुलखात पुढे माणिकेश्वर म्हणत. कृष्ण याज्ञवल्कीच्या कथाकल्पतरू या जुन्या मराठी ग्रंथात त्याची कथा येते. एलू राजाच्या राणीने नवस केला, राजा बरा झाला, आणि देवळाचा कळस दिसेपर्यंत अन्न घेणार नाही असे तिने ठरवले. इतक्या लवकर कळस कोण दाखवणार? तेव्हा पैठणचा कोकस नावाचा स्थपती पुढे आला आणि त्याने डोंगर वरून खोदायला घेऊन आठवड्यात कळस दाखवला. दंतकथाच आहे ही, पण तिच्यात तंत्राची खरी आठवण टिकली आहे. कैलास वरून खाली खोदला गेला, आधी कळस मग पाया, हे पुरातत्त्वाने सांगण्याच्या कितीतरी आधी गावच्या माणसांना ठाऊक होते. राणीच्या उपासाचे कारण त्यांनी त्या तंत्राला नंतर जोडले असावे.

जैन लेणी नवव्या-दहाव्या शतकांतली, दिगंबर परंपरेची. ती कड्याच्या उत्तर टोकाला, बाकीच्या लेण्यांपासून बरीच दूर आहेत, त्यामुळे बस सुटण्याची वेळ झाली की पर्यटक नेमका त्यांनाच फाटा देतात. ही चूक करू नये. 30 क्रमांकाच्या लेण्याला छोटा कैलास म्हणतात, कारण त्याचा आराखडा सरळ कैलासावरून उचललेला आहे. म्हणजे शैव राजमंदिराचे रूप जैन उपासकांना परके वाटले नाही. 32 क्रमांकाच्या इंद्रसभेत हत्तीवर बसलेला यक्ष आणि आंब्याच्या झाडाखाली सिंहावर बसलेली अंबिका आहे. लोकांनी त्यांना इंद्र आणि इंद्राणी ठरवले, आणि लेण्याचे नावही त्यावरूनच पडले. तेथेच वेलींनी पाय वेढलेला बाहुबली आणि नागफण्यांखाली अविचल उभा पार्श्वनाथ आहे. छतावरचे रंग अजून काही जागी शाबूत आहेत. उजेड तिरपा येतो तेव्हा वर पाहावे.

लेणी खोदणे थांबल्यावर डोंगराचे पावित्र्य संपले नाही. जैन लेण्यांच्या वर, डोंगराच्या माथ्याजवळ, पार्श्वनाथाची मोठी बैठी मूर्ती आहे आणि तिच्यावरच्या लेखात शके 1156 हे वर्ष आहे, म्हणजे इसवी सन 1234-35, देवगिरीच्या यादवांचा काळ. वर्धनपुरच्या घराण्यातल्या गालुगीचा मुलगा चक्रेश्वर याने ती चारण मुनींनी सेविलेल्या डोंगरावर दान दिली आणि त्या दानाने आपल्या कर्माचे हवन केले, असे तो लेख सांगतो. राजे, मंत्री, विजय यांचा त्यात मागमूस नाही. एका दानशूर गृहस्थाचे घराणे आणि त्याचे पुण्य एवढाच मजकूर आहे, आणि ती मूर्ती आजही पूजेत आहे. त्याच शतकात महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी वेरुळात राहिले. लीळाचरित्रात त्यांच्या तेथल्या वास्तव्याच्या लीळा आहेत. सहा-सातशे वर्षे जुन्या, ओस पडत चाललेल्या गुहांत एक नवा पंथ आपले निवाऱ्याचे दिवस काढत होता.

आता नावांकडे येतो, कारण माझ्या मते वेरूळचा धार्मिक इतिहास शिलालेखांइतकाच नावांतही आहे. 10 क्रमांकाचे लेणे हे वेरूळचे एकमेव चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेले प्रार्थनागृह. आत सुमारे सत्तावीस फूट उंचीचा स्तूप, त्याच्या पुढ्यात पाय खाली सोडून बसलेला सुमारे अकरा फुटी बुद्ध, आणि वर छताला दगडातच कोरलेल्या लाकडी फासळ्या. लाकडात बांधलेल्या सभागृहाची ही दगडी नक्कल आहे. ती पाहून सुतार समाजाने ओळखले की हे आपले घर आहे. लेणे विश्वकर्म्याचे ठरले, त्याला सुतार झोपडी म्हणू लागले, आणि गुजरात-राजस्थानच्या सुतार परंपरेत हे स्थान यात्रेचे झाले. बुद्धाचे हात धर्मचक्रमुद्रेत आहेत, एका हाताची बोटे दुसऱ्या हाताच्या बोटांना स्पर्श करतात. जुन्या प्रवाशांना येथे सांगितले जाई की काम करताना विश्वकर्म्याच्या बोटाला हत्यार लागले आणि तो ते बोट धरून बसला आहे. मी ही कथा सांगितली की विद्यार्थी हसतात. एकदा मात्र गटामागे उभा असलेला एक वयस्क सुतार पुढे झाला. त्याने आपल्या डाव्या हाताची तर्जनी मला दाखवली. पेराशी जुना तिरका व्रण होता. तो काहीच बोलला नाही, उंबऱ्याला हात लावून निघून गेला. त्या दिवसापासून ती कथा मी गंमत म्हणून सांगत नाही.

मार्च महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास मावळतीचे ऊन दर्शनी भागाच्या गवाक्षातून आत शिरते आणि काही मिनिटे याच बुद्धाच्या चेहऱ्यावर पडते. तेव्हा तेथे बौद्ध उपासक जमतात आणि त्रिशरण म्हणतात. त्या कमानदार छताखाली आवाज असा काही घुमतो की शेवटचे अक्षर बोलून झाल्यावरही ते ऐकू येत राहते.

घृष्णेश्वराचे देऊळ लेण्यांपासून जेमतेम किलोमीटरभर अंतरावर, वेळगंगेच्या काठी आहे. बारा ज्योतिर्लिंगांच्या स्तोत्रात त्याचे स्थान «इलापुरे रम्यविशालके» असे दिले आहे. वेरूळ हे भोसले घराण्याच्या पाटीलकीचे गाव. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे यांनी या देवळाचा जीर्णोद्धार केला, आणि आजचे तांबूस दगडाचे देऊळ व शिवालय तीर्थाचे पायऱ्यांचे कुंड यांमागे अठराव्या शतकातल्या होळकर घराण्याच्या गौतमाबाई आणि अहिल्याबाई यांचे दान आहे. येथे गाभाऱ्यात जाताना पुरुषांना अंगातला सदरा उतरवावा लागतो. कैलास पाहून आलेला यात्रेकरू घृष्णेश्वराला जातो तेव्हा तो पर्यटकाचा भक्त होतो. तो बदल रोज डोळ्यांदेखत होतो, पण त्याची दखल फारसे कोणी घेत नाही.

घाट चढून वर गेले की चार-पाच किलोमीटरवर खुलताबाद, जुने नाव रौजा. चौदाव्या शतकात चिश्ती सूफी येथे आले. मुंतजबुद्दीन जर जरी जर बक्ष यांचा दर्गा, दिल्लीहून दौलताबादेला आलेले आणि 1337 मध्ये निवर्तलेले बुऱ्हाणुद्दीन गरीब, त्यांचे शिष्य जैनुद्दीन शिराझी, अशी ही परंपरा. बुऱ्हाणपूर शहराचे नाव याच बुऱ्हाणुद्दीनांवरून पडले. जैनुद्दीनांच्या दर्ग्याच्या आवारात 1707 साली वारलेल्या औरंगजेबाची उघडी कबर आहे, आणि गावातच मलिक अंबरचीही कबर आहे. त्याच खुलताबादेत भद्रा मारुती आहे, निजलेल्या हनुमंताचे दुर्मीळ रूप. श्रावणातल्या शनिवारी आणि हनुमान जयंतीला छत्रपती संभाजीनगरहून हजारो लोक रात्री पायी निघतात आणि दर्ग्यांच्या कमानी ओलांडून मारुतीच्या दर्शनाला पोहोचतात. एका डोंगराच्या पायथ्याशी आणि माथ्यावर एवढे सगळे आहे.

औरंगजेबाचा विषय निघालाच आहे, तर एका प्रश्नाचे उत्तर येथेच देतो, कारण तो हमखास येतो. हजार माणसे लावून तीन वर्षे कैलास फोडण्याचा प्रयत्न त्याने केला, अशी कथा हल्ली मोबाईलवर फिरते. तिला समकालीन आधार नाही. औरंगजेबाने इतरत्र देवळे पाडली याची नोंद त्याच्याच दरबारच्या इतिहासात आहे, ती झाकण्याचे कारण नाही. पण वेरूळच्या लेण्यांना त्याने आपल्या एका पत्रात खऱ्या कारागिराच्या, म्हणजे ईश्वराच्या, अद्भुत कृतींपैकी एक म्हटले आहे. कैलासाच्या अंगणातल्या हत्तींच्या तुटलेल्या सोंडा खऱ्या आहेत, मूर्तींचे फुटलेले चेहरेही खरे आहेत. त्यात माणसांचा हात आहे आणि हजार-बाराशे वर्षांच्या पाण्याचा व ढासळत्या दगडाचाही आहे. सगळा दोष एकाच्या खात्यावर टाकला की पाहणे थांबते.

मुसलमानी अमदानीत या लेण्यांची कीर्ती आटली नव्हती, हे फिरिश्ता या इतिहासकाराने दिलेल्या एका प्रसंगावरून कळते. चौदाव्या शतकाच्या आरंभी गुजरातच्या स्वारीवर असलेल्या, खिलजींचा सरदार अलपखान याच्या सैन्यातल्या काही शिपायांनी वेरूळची लेणी पाहायला रजा मागितली, आणि तेथेच त्यांची गाठ देवगिरीकडे नेल्या जाणाऱ्या गुजरातच्या राजकन्या देवळदेवीच्या तुकडीशी पडली. फिरिश्त्याने हे तीनशे वर्षांनी लिहिले आहे, त्यामुळे तपशील तोलून घ्यावा. पण शिपायांनी लेणी पाहायला जाणे त्याच्या वाचकांना नवलाचे वाटणार नव्हते, एवढे तरी त्यातून निश्चित होते.

वेरूळ पुन्हा बौद्धांचे कसे झाले, याची गोष्ट 1934 पासून सांगावी लागते. त्या वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सुमारे तीस सहकारी वेरूळची बौद्ध लेणी पाहण्यासाठी निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाने अंग धुळीने माखलेले, म्हणून काहींनी वेशीजवळच्या हौदावर हातपाय-तोंड धुतले. ते रमजानचे दिवस होते. हौद बाटवला म्हणून जमाव शिव्या देत धावून आला, आणि पुढे किल्ला पाहताना पाण्याला कोठेही हात लागू नये यासाठी त्यांच्याबरोबर हत्यारबंद शिपाई देण्यात आला. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. अस्पृश्य हिंदूंना अस्पृश्य असतो तसा तो मुसलमानांनाही असतो, हे दाखवण्यासाठी त्यांनी तो सांगितला. बावीस वर्षांनी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि ज्या लेण्यांत बाराशे वर्षे संघ नव्हता तेथे उपासक परत आले. 10 क्रमांकाच्या लेण्यात त्रिशरण म्हणणारे आणि उंबऱ्याला हात लावणारा सुतार हे दोघेही एकाच मूर्तीसमोर उभे असतात, वेगवेगळ्या नावाने.

प्रत्यक्ष जाणार असाल तर मंगळवार टाळा, त्या दिवशी लेणी बंद असतात. क्रमांकांच्या ओळीने फिरू नका. सकाळी वाहनाने आधी धुमार लेण्याकडे जा, मग रामेश्वर पाहा, तेथून सरळ दक्षिणेला 10, 11 आणि 12 गाठा, परत फिरून दशावतार आणि त्यानंतर कैलास. असे केले की डोंगर त्याच्या काळाच्या ओळीने उलगडतो, आणि दशावताराच्या वरच्या मजल्यावर चढताना नुकताच पाहिलेला विहार डोळ्यांसमोर ताजा असतो. जेवण झाल्यावर जैन लेणी, आणि पायांत बळ उरले असेल तर वर पार्श्वनाथापर्यंत चढा. तेथून कडा, घृष्णेश्वराचा कळस आणि वेळगंगेचे पात्र एका नजरेत येते.